पहिलीचा टाक

या सदरातल्या भुताखेतांच्या गोष्टी वाचून मी आजवर पोट धरून हसत आलोय. 'असतील शितं तर जमतील भुतं' या म्हणीतली भुतं तेवढी माझ्या ओळखीची... म्हणजे आमच्याकडे पुरणपोळी झाली की नेमके उगवणारे नातलग. त्यापलीकडची भुतं मी मानली नाहीत. आता मीच लेखणी घेऊन बसलोय, तेव्हा कुणी मला हसलं तर तक्रार नाही. फक्त एवढं सांगतो, की जे झालं ते भर दुपारी झालं, मी पूर्ण शुद्धीत होतो, आणि त्यातला मोठा वाटा माझ्याच हातून घडलाय.

मी कल्याणच्या सोनाराचा मुलगा. आमच्या भागात पहिली बायको वारली आणि नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात. टाक म्हणजे नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर हात जोडलेली बाई उठवलेली. पहिलीचा कोप होऊ नये, तिला घरात मान राहावा, म्हणून ही चाल. आमचे अण्णा, म्हणजे वडील, असे टाक करून देत. त्यासाठी त्यांच्याकडे ठसा एकच होता. नाक म्हणजे उभी रेघ, डोळे म्हणजे दोन ठिपके. कुळंब्याची बायको असो की वाण्याची, मेलेल्या सगळ्या बायका आमच्या दुकानातून एकाच तोंडानं बाहेर पडायच्या. लहानपणी त्या ठशावर हातोडी मी स्वतः मारलेली आहे. असल्या पोरानं टाकाला काय म्हणून भ्यावं?

पुढे मी मुंबईला चित्रकला शिकलो आणि ऑइलच्या तसबिरी काढू लागलो. वारलेल्या माणसाची तसबीर न पाहता काढावी तर मीच, असं माझं नाव झालं होतं. माझी रीत साधी. घरातलं त्यातल्या त्यात मिळतंजुळतं माणूस समोर बसवायचं आणि घरच्यांना बोलतं करायचं. नाक-डोळे कुणीही सांगतं. मी विचारायचो, हाक मारली की मान कशी वळायची? राग आला की हात कुठे जायचा? माणूस आठवतं ते त्यावरून. ते एकदा सापडलं की चेहरा आपोआप येतो. मला या गोष्टीचा भारी गर्व होता.

आगगाडी सुरू होऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली असतील. कोलशेतच्या खाडीवरचे मिठागरवाले धर्मा पाटील एक दिवस आमच्या दारी आले. ठाण्यातल्या कुणा शेटच्या बंगल्यात त्यांनी मी काढलेली तसबीर पाहिली होती. ओटीवर बसले आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"मना माजी हौसा पायजे, मास्तर. जशी व्हती तशी."

हौसाबाई त्यांची पहिली बायको. जाऊन सहा वर्षं झाली होती, फोटो वगैरे काही नव्हता. मी विचारलं, समोर कुणाला बसवू?

"धाकटी हाय ना," पाटील म्हणाले. "तिलाच बसवू."

धाकटी म्हणजे दुसरी बायको, चांगुणा.

पाटलांचं घर गावाबाहेर, मिठागराच्या टोकाला. ठाणे स्टेशनावरून टांगा, आणि पुढे खाडीतल्या बांधावरून पायी. भरती आली की बांध तीन तास पाण्याखाली. आत असाल तर आत, बाहेर असाल तर बाहेर. मी आठ दिवस तिथे गेलो आणि रोज दुपारी त्या घरात अडकलो. माडीवरच्या खिडकीतून चहूकडे नुसतं पाणी दिसायचं.

चांगुणा एकोणीसेक वर्षांची असेल. तिला हौसाबाईंचं हिरवं लुगडं नेसवलेलं, हौसाबाईंची नथ घातलेली, खुर्चीसुद्धा हौसाबाईंची. ती लाकडासारखी बसायची. मी दर थोड्या वेळानं म्हणायचो, "हलू नका." ती हलत नव्हतीच. पाटील शेजारी बसून हौसाबाईंच्या आठवणी सांगत. हसली की ओठाची डावी कड आधी वर जायची. रागावली की नथ चाचपायची. सांगता सांगता ते चांगुणेकडे वळत आणि म्हणत, "हौसा, जरा पानी आन." ती उठून पाणी आणायची. दोघांनाही त्यात काही वेगळं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाटील मिठागरावर गेलेले असताना ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. माहेर शहाडचं, उल्हास नदीच्या काठी. बाप दिवाळीला आला की चांगुणा म्हणून हाक मारतो, तेवढंच.

"इतं आल्यापासून मना माज्या नावान कोन बोलवत नाय," ती म्हणाली. "नवा लुगडा आदी टाकाला दावाचा, मंग मी नेसाचा. पयला घास तिचा. जात्यावं बसली तरी सांगून बसते, हौसाबाय, बसू का?" बोलताना तिनं गळ्यातला टाक चिमटीत धरला होता. "पन बरा हाय. ती ह्यात बसते, म्हनून माज्यात बसत नाय."

मला हसू आलं, पण तोंडावर हसलो नाही, एवढीच काय ती माझी सभ्यता.

तिसऱ्या दिवशी मी गळ्याचा भाग रंगवायला घेतला आणि तो टाक आडवा येऊ लागला. चित्र हौसाबाईंचं... त्यांच्या गळ्यात त्यांचा टाक कसा असेल?

"तो टाक जरा काढून ठेवा," मी म्हटलं.

ती एकदम ताठ झाली. "लग्नापासना कदी काडला नाय."

"अहो बाई, तुम्ही आता हौसाबाई म्हणून बसलाय ना? स्वतःचाच टाक माणूस स्वतःच्या गळ्यात कसा घालील?" आणि वर शहाणपणा केला. "आमच्याच दुकानातला आहे तो. ठसा एकच, सगळ्यांना तोच. त्यात कुणीसुद्धा बसलेलं नाही."

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. बांध बुडालेला होता. मग दोरा सोडून तिनं टाक माझ्या हातावर ठेवला. मी तो रंगाच्या पेटीत, ब्रशांच्या कप्प्यात टाकला.

त्या दुपारी माझा हात असा चालला की पुन्हा कधी चालला नाही. समोरची मुलगी खुर्चीत सैल झाली होती. मी काही न सांगता तिच्या ओठाची डावी कड वर गेली. मनात म्हटलं, जमली! तीन तास मी भानावर नव्हतो म्हणा ना. ओहोटी लागली तेव्हा पाहिलं, तर चित्रातल्या डाव्या भुवईच्या आतल्या टोकाशी भाजल्याचा एक बारीक डाग मी काढून ठेवला होता. चांगुणेला तसा डाग नव्हता. मला कुणी सांगितलाही नव्हता. पुसावा म्हणून फडकं घेतलं, तोच पाटील वर आले.

चित्र पाहून ते जमिनीवरच बसले. "ह्यो डाग कोनी सांगितला तुमाना?"

"सहज आला हातून."

"नवी नवरी व्हती तवा कडईतला तेल उराला, भुवईपाशी भाजला. कुकू मोटा लावून झाकाची. माज्याबिगर कोनी बगितला नाय." आणि हा धिप्पाड माणूस माझ्यासमोर रडू लागला.

आता वाचक म्हणतील, तिथेच तुला शंका यायला हवी होती. आली असती. पण एवढी स्तुती पुढ्यात असताना शंकेला कोण विचारतो? मी हवेतच घरी आलो, टाक पेटीतच राहिला.

पाचव्या दिवशी चांगुणा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "मास्तर, टाक द्या."

"का हो?"

"सकाली इहिरीवं मी गाना म्हनत व्हते. मना त्यो गाना येत नाय."

"गाणं काय, ऐकून ऐकून येतं."

"कोनाकडना आयकून?" ती म्हणाली. तिचा हात नथीपाशी गेला होता. तो तिनं दुसऱ्या हातानं धरून खाली आणला. "आज बांधावं पानी नसता, बांध उगरा असता ना, तर मी शहाडला जेली असते."

माझी पेटी उघडी होती. टाक वरच होता, मला दिसत होता. हात पुढे केला असता तर काम झालं असतं. पण चेहरा अर्धा झाला होता, आणि असा चेहरा मला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हता. मला वाटलं, हिच्या मनात टाकाचं भय पुन्हा बसलं तर ही पुन्हा लाकूड होईल.

"तीनच दिवस," मी म्हटलं. "तसबीर पुरी होऊ दे. मग मी स्वतः देतो. आता हलू नका."

ती बसली. खरंच हलली नाही.

आठव्या दिवशी तसबीर भिंतीवर लागली. पाटील तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. मी टाक काढून त्यांच्यापुढे धरला, तर त्यांनी माझी मूठ बंद केली.

"ह्यो आता काय कराचा? हौसा सोता आली घरान."

चांगुणा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. एक हात मोकळ्या गळ्यावर. ती माझ्याकडे बघत होती आणि तिला काय हवंय ते मला चांगलं ठाऊक होतं. पण घरधन्यासमोर मी काय बोलणार... असं मी स्वतःला सांगितलं, पेटी बंद केली आणि बांध उघडा होता तोवर निघालो.

सोनारानंच कान टोचावे लागतात म्हणतात. माझे तर घरच्याच सोनारानं टोचले, पण उशिरा. पेटीत टाक पाहून अण्णांनी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "टाकाला चेहरा का नसतो, ठाऊक आहे?"

"ठसा जुना आहे म्हणून."

"मूर्खा, ठसा नवा करायला मला काय लागतं? मेलेलीला बसायला जागा द्यायची, पण ओळख द्यायची नाही, म्हणून. तू ओळख दिलीस आणि जागा काढून आणलीस. मग ती बसेल कुठे?" टाक माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "उद्या जा आणि त्या पोरीच्या गळ्यात हा बांध. पाटलाला काय वाटेल ते वाटो."

मी गेलो. भरती होती. बांधाच्या अलीकडे उभा राहून पलीकडची माडी पाहिली आणि परत फिरलो. भरती होती हे खरं. तीन तास थांबलो असतो तर बांध उघडला असता, हेही खरंच. पुढे मुंबईचं काम आलं, मग पाऊस, मग आणखी काही. कारणं काय, मागाल तेवढी आहेत.

ऑइलची तसबीर वाळायला महिने लागतात. वाळली की वरून व्हार्निशचा हात द्यावा लागतो, तेव्हा चित्र पुरं होतं. दिवाळी उलटल्यावर त्यासाठी पाटलांचा निरोप आला. मी टाक सोबत घेतला आणि या खेपेला बांधावर तासभर खोळंबूनसुद्धा गेलो.

पाटील दारातच भेटले, दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखे. माडीवर गेलो. तसबिरीसमोर उभा राहिलो. मी हौसाबाईंची नजर समोर ठेवली होती. आता ती खिडकीकडे होती, बांधाच्या दिशेला. ओठ मिटलेले. भुवईवरचा डाग नव्हता. मी नखानं चाचपलं, तिरप्या उजेडात पाहिलं. पुन्हा ब्रश फिरल्याची एक खूण नाही, रंग माझाच, थर माझाच. आणि ती बसण्याची पद्धत... लाकडासारखी.

मागून कुणी गुणगुणत जिना चढत होतं. पाण्याचा तांब्या घेऊन चांगुणा आली. कपाळावर मोठं कुंकू आणि त्याच्या कडेला, डाव्या भुवईवर, भाजल्याचा डाग. पाटील मागून कौतुकानं म्हणाले, "दिवालीन करंज्या तलताना तेल उराला."

मी हाक मारली, "चांगुणाबाई."

तिनं तांब्या ठेवला. मान वळली नाही. मी पेटीतून टाक काढून पुढे केला, "हा माझ्याकडे राहिला होता. चूक माझी आहे. घाला."

तिनं तो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि परत माझ्या तळव्यावर ठेवला. ओठाची डावी कड वर गेली.

"माजाच टाक मी सोताच्या गल्यान कसा घालू, मास्तर?"

पाटील खो खो हसले. मीही हसल्यासारखं केलं. ते वाक्य मीच तिला शिकवलं होतं, तेव्हा तिनं ते लक्षात ठेवलं असेल. तेल कुठल्या घरात उडत नाही? गाणं शेजारणीकडून येतं. रंग मुरला की चेहऱ्याचा भाव बदलतो, हे मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगतो. दिवसरात्र हौसा म्हणून हाक मारली तर मुलगी शेवटी ओ देणारच. एकेक गोष्ट घेतली तर प्रत्येकीला उत्तर आहे. सगळ्या मिळून उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही, आणि कुणाला सापडलं तर या मासिकाच्या पत्त्यावर जरूर कळवावं.

टाक माझ्या पेटीतच आहे. अण्णा गेले, आता विचारायलाही कुणी नाही.

त्या दुपारी मी व्हार्निश लावलं. पाटील शेजारी उभे होते, खाली भरती चढत होती, आणि मला दुसरं काही सुचलं नाही. आधी कपाळ, मग बांधाकडे लागलेले डोळे, मग मिटलेले ओठ. आठ दिवस मी त्या मुलीला एकच गोष्ट सांगत होतो, हलू नका. तिनं माझं ऐकलं.