धुक्यात गेलेली चाल

आमच्या पूर्णा गावात संगीत म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी कळतात, वरातीतला बँजो आणि सोमवारचं भजन. राजेश्वर यातलं काहीच करत नव्हता. त्याच्या संगीताला ना ठेका, ना शब्द. नुसता एक सूर धुक्यासारखा पसरत जायचा. "सुरू कधी होणार?" असं मी विचारायचो, तोवर ते संपत आलेलं असायचं. मग तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघायचा.

आम्ही शाळेपासूनचे सोबती. स्टेशनरोडला माझं मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याचा कॉम्प्युटर मीच जोडून दिला होता. त्यात गाण्याचं सॉफ्टवेअर, आणि त्या सॉफ्टवेअरला जोडलेले नाना प्लगिन, म्हणजे आवाजाचं रूप पालटणारे छोटे प्रोग्रॅम. एकात आवाज घातला की तो रिकाम्या देवळात घुमल्यासारखा व्हायचा. दुसरा आवाजाचा चुरा करायचा आणि ते कण हवेत तरंगत ठेवायचा. येलदरीच्या धरणाचं पाणी, यार्डातल्या इंजिनाची धडधड, पत्र्यावरचा वारा, जे सापडेल ते हा भरून आणायचा आणि त्याचं धुकं करायचा. लघुपट करणाऱ्या पोरांना ते फार आवडायचं. धुकं तयार झालं की मूळ आवाज मात्र तो पुसून टाकायचा. डिस्क लहान होती हे खरं, पण मी टोकलं की म्हणायचा, "पीठ झाल्यावर गहू कशाला सांभाळायचे?"

त्याची आत्या भागम्मा त्याच्याच घरी राहायची. लिंगायत गल्लीत कुणी वारलं की बोलावणं आधी तिला. गेलेल्या माणसाला बसवून, विभूती लावून, फुलं घालून झालं की भागम्मा निरोपाचं पद म्हणायची. शब्द पोथीत होते, पण चाल फक्त तिच्या गळ्यात, सासूकडून आलेली. बाकीच्या बायका ध्रुवपद उचलायच्या. आतली कडवी ती एकटी म्हणायची. आणि हे पद सुखाच्या घरी म्हणायचं नाही, शिकवायला म्हणूनसुद्धा नाही, असा तिचा सासूपासूनचा नेम होता. मयताच्या घरात फोन काढून भरून घेण्याचा निर्लज्जपणा आमच्यात अजून कुणी केलेला नाही. त्यामुळे त्या चालीचा माग कुठेच नव्हता.

मग तिला दम लागायला लागला आणि तिनंच तो नेम मोडायचं ठरवलं.

"राजेश्वरा, हे पद भरून ठिव. मी गेल्यावर महेश्वरीला ऐकव. माज्यासाठी तिनंच म्हणायचं हाय."

महेश्वरी भजनातली तिची लाडकी पोर, शेजारच्या घरची सून. राजेश्वरनं खोलीचं दार लावलं, गाड्यांचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीवर गोधडी टांगली. भागम्मानं स्वतःला विभूती लावली, माइकलाही लावली, आणि एकदाच, न थांबता, सगळं पद म्हटलं. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि भाकरी थापायला बसली.

पुण्याच्या एका दिग्दर्शकाला त्याच सुमारास शेवटच्या प्रसंगासाठी संगीत हवं होतं. राजेश्वरनं सहज म्हणून आत्याचा आवाज प्लगिनमध्ये घातला. शब्द काढले, नुसते 'आ'कार ठेवले, त्यांना इतकं ताणलं की एक श्वास मिनिटभर चालावा. मग ते मला ऐकवलं. मी पहिल्यांदाच "सुरू कधी होणार" विचारलं नाही. लघुपटाच्या शेवटी पडद्यावर त्याचं नाव आलं. पोरगं आठवडाभर जमिनीवर नव्हतं. त्याच तंद्रीत त्यानं नेहमीसारखी डिस्क साफ केली.

"आत्याचं मूळचं ठेवलंस ना?" मी विचारलं.

"आत्या घरातच हाय की. कुटं पळून चाललीय? परत भरू."

पंधरवडाही गेला नसेल, भागम्माच्या अंगावरून वारं गेलं. परभणीच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण उजवी बाजू गेली आणि वाचाही. एखाददुसरा शब्द, तोही ओढून ओढून.

राजेश्वर डिस्क घेऊन माझ्या दुकानात आला. पुसलेलं परत आणायची सगळी औषधं माझ्याकडे आहेत. ती सगळी करून बघितली. पण आत्याच्या आवाजाच्या जागेवर त्यानं नव्यानं भरून आणलेलं येलदरीचं पाणी आणि वारा लिहून ठेवला होता. मग ते ताणलेलं धुकं उलट आवळून बघितलं, तर चाळणीतून खडे पडल्यासारखा आवाज आला. महेश्वरीनं कान लावून ऐकलं.

"दादा, ध्रुवपद मला येतंय हो. आतल्या कडव्याची चाल कुटं हाय यात?"

राजेश्वर खाली मान घालून बसला. "पिठाचे गहू कर आता," असं मी रागात बोलून गेलो. त्याचा चेहरा बघितला आणि बोललो ते परत घ्यावंसं वाटलं. पण राग गेला नाही, आजही गेलेला नाही. एवढे हळवे कान असलेल्या माणसाला घरातल्या आवाजाची किंमत कळू नये?

आम्ही ठरवलं होतं, म्हातारीला काही सांगायचं नाही. पण तिच्या मनातून ते पद जात नव्हतं. महेश्वरी दिसली की ती डाव्या हातानं कॉम्प्युटरच्या खोलीकडे दाखवायची. शेवटी एका सकाळी हट्टच धरला. आम्ही तिला खुर्चीवर बसवून आत नेलं. महेश्वरी शेजारी उभी राहिली. राजेश्वरजवळ लघुपटातलं धुकं तेवढं उरलं होतं, तेच त्यानं लावलं.

भागम्मा डोळे मिटून ऐकत राहिली. मधे तिचा डावा हात मांडीवर ताल धरायला उचलला गेला, पण ताल सापडला नाही, तसा तो खाली आला. संपल्यावर तिनं तोच हात कपाळाला लावला, देवाला लावतात तसा.

"ग्वाड... हाय," ती म्हणाली. "कोन... बाई ही?"

महेश्वरीनं पदराचा बोळा तोंडात धरला.

भागम्मानं बोटानं स्वतःच्या छातीवर टकटक केली.

"आता... माजं लाव."

राजेश्वरनं तेच पुन्हा लावलं.