रेखाचा उपास

"सुबह से कुछ खाया तो नहीं ना?" डॉ. बिसेननी विचारलं.

"नाही जी, उपास हाये तिचा," रेखाची आई, इंदिराबाई, म्हणाल्या. मग कौतुकानं पुढे म्हणाल्या, "तिच्यासंगं म्या बी धरला."

बिसेन हसले. ते अ‍ॅनेस्थेटिस्ट, म्हणजे भूल देणारे डॉक्टर. दर गुरुवारी गोंदियाहून बालाघाटला येतात आणि दुपारी परत जातात. रेखा ऑपरेशनच्या टेबलावर बसली होती, पाय हलवत. बिसेन तिची नाडी बघत होते, बघता बघता त्यांची नजर तिच्या कुर्त्यावर गेली. गळ्यापाशी साबुदाण्याचा एक दाणा चिकटलेला होता. त्यांनी तो बोटानं उचलला आणि मला दाखवला.

मी इंदिराबाईंना विचारलं, हे काय? त्या जरासुद्धा गडबडल्या नाहीत. फराळ, म्हणाल्या. सकाळी निघायच्या आधी साबुदाण्याची खिचडी केली, शेंगदाण्याचा कूट जास्त घालून, कारण पोरीला आज ताकद लागणार. वर एक केळ.

"आणि पाणी?" मी विचारलं.

"पानी नाही देल्लं. सिस्टरबाईनं नाही म्हनलं होतं. दूध देल्लं."

माझं डोकंच फिरलं. पण ओरडायचं कुणावर? त्या बाईनं सांगितलेलं सगळं केलं होतं. तिच्या हिशेबानं तर जरा जास्तच केलं होतं.

आता थोडं मागचं सांगते. मी बालाघाटला दातांची डॉक्टर. रेखा किरनापूरच्या पुढच्या एका गावची. वय बाविशीच्या आसपास, समज चार-पाच वर्षांच्या लेकराची. बोलते थोडं, पण "दुखतं" हे तिला सांगता येत नाही. ती फक्त स्वतःच्या गालावर मारायला लागली होती. घरच्यांना वाटलं, राग वाढला. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, झाडून आणा. तेही झालं. शेवटी एकदा तिनं जांभई दिली तेव्हा इंदिराबाईंना काळा झालेला दात दिसला आणि तिची वरात माझ्याकडे आली.

माझ्या खुर्चीवर ती बसली, पण तोंड काही उघडेना. मी आरसा आत घातला तर तो चावून धरला. नामदेवराव, म्हणजे तिचे वडील, म्हणाले, "मॅडम, आमी धरतो, तुमी काढून टाका." आमच्याकडे असंच चालतं. चार जण हातपाय धरतात आणि डॉक्टर ओढून मोकळा होतो. माणूस बरा होतो म्हणे, पण त्यानंतर तो जन्मात दातांच्या डॉक्टरपुढे तोंड उघडत नाही. मला ते करायचं नव्हतं. मी नामदेवरावांवर जरा चढूनच बोलले, ती काय बैल आहे का धरायला?

आधी गोळी देऊन गुंगी आणून पाहिली. याला सेडेशन म्हणतात. माणूस जागा असतो पण धास्ती कमी होते. रेखाची धास्ती कमी झाली नाही, उलट गुंगीत ती जास्तच चिडली. मग एकच रस्ता उरला, जनरल अ‍ॅनेस्थेशिया. पूर्ण बेशुद्ध करायचं, श्वासाची नळी टाकायची आणि एकाच बैठकीत जे काय आहे ते सगळं उरकायचं. तेवढं सामान माझ्या क्लिनिकमध्ये नाही. ओळखीच्या एका सर्जनच्या नर्सिंग होमचं ऑपरेशन थिएटर मागून घेतलं.

गुंगीत असताना तिचं तोंड मला थोडं बघायला मिळालं होतं. कीड बरीच होती, पण पुढचे दात आणि एका बाजूच्या दाढा वाचणाऱ्या होत्या. रूट कॅनाल, म्हणजे आतली सडलेली नस काढून दात भरणं, तेवढ्यानं भागलं असतं. ते मी ठरवून ठेवलं होतं. अशा पोरींना कवळी बसवता येत नाही. ती काढून फेकतात, नाहीतर गिळतात. म्हणजे जे दात वाचतील त्यांच्यावरच तिला जन्मभर खायचं होतं.

आणि आता ती टेबलावर बसून पाय हलवत होती, पोटात खिचडी घेऊन.

मी बिसेनना बाजूला घेतलं. म्हटलं, थांबू ना दुपारपर्यंत, सगळे इथेच आहेत. ते म्हणाले, गोंदियाला सिझेरियन लागलेत, मला निघावंच लागेल. मी म्हटलं, मग थोडी रिस्क घ्या, इतके दिवस झालेत, पोरगी रोज स्वतःला मारते. माझा आवाज चढला असावा, कारण सिस्टरनं दार लावून घेतलं.

"मॅडम," बिसेन शांतपणे म्हणाले, "उल्टी फेफड़ों में चली गई, तो दांत किसके बचाओगे?"

बेशुद्ध माणसाचं गिळणं-खोकणं बंद असतं. पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात उतरतं आणि त्यात माणूस जातो. हे मलाही माहीत होतं, पहिल्या वर्षापासून माहीत होतं. म्हणूनच जास्त राग येत होता. हातातोंडाशी आलेला घास गेला, असं म्हणतात ना, तसं झालं. मी माझी हत्यारं परत डब्यात भरली, नको इतका आवाज करत.

नंतर उलगडा झाला. मी क्लिनिकमध्ये "उपाशी आणा" म्हटलं होतं. बिसेननी आदल्या दिवशी फोनवर "खाली पेट" सांगितलं होतं. दोन्ही बरोबर. नामदेवरावांनी घरी जाऊन ते एका शब्दात सांगितलं, डॉक्टरनं उपास सांगतला. आणि उपास म्हटलं की आपल्याकडे काय चालतं हे मी सांगायला नको. साबुदाणा चालतो, दूध चालतं, केळ चालतं. इंदिराबाईंनी तर देवापुढे दिवाही लावला होता.

पुढच्या गुरुवारी बिसेनची लिस्ट भरलेली होती. त्याच्या पुढच्या गुरुवारी रेखाला सर्दी-खोकला. खोकल्यात भूल देत नाहीत. मी अँटिबायोटिक चालू ठेवलं होतं, पण ती गोळ्या थुंकत होती, हे मला उशिरा कळलं. एका सकाळी नामदेवरावांचा फोन आला, "मॅडम, तोंड सुजून राह्यलं तिचं, गळ्याकडे चाललं."

त्यांना म्हटलं माझ्याकडे येऊ नका, सरळ गोंदियाला जा. दाताचा पू जिभेखाली उतरला की श्वासाची वाट दाबतो. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात तिला त्याच दिवशी बेशुद्ध करून पू काढला. आणि दातही काढले. ज्यांचा भरवसा नाही असे सगळे, म्हणजे मी वाचवणार होते तेसुद्धा. तिथल्या डॉक्टरांना मी फोन केला. भांडायलाच केला होता खरं तर. त्यांनी सगळं सांगितलं, आणि मला कबूल करावं लागलं की त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. अशा पेशंटला पुन्हा पुन्हा भूल देता येत नाही. म्हणून शंका असलेला दात त्याच वेळी काढून मोकळं व्हायचं.

टाके सुकल्यावर आईवडील तिला माझ्याकडे घेऊन आले. रेखा मजेत होती. गालावर मारणं बंद झालं होतं. मी "आ कर" म्हटलं तर तिनं केलं. आत फक्त मागच्या दोन-तीन दाढा आणि गुलाबी हिरड्या होत्या. चांगल्या भरल्या होत्या हिरड्या, काम नीट झालं होतं. मला रडू आलं. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी पेशंटसमोर रडलेली नाही. तेव्हाही मास्क होता म्हणून निभावलं.

खाते काय, म्हणून विचारलं. भात-वरण खाते, इंदिराबाई म्हणाल्या. पण फुटाणे सोडत नाही. बाजाराच्या दिवशी नामदेवराव किरनापुराहून आणतात, सवयच आहे ती. इंदिराबाई मिक्सरमधून पूड करून गुळासंगं देतात. पूड तिला नको. ती अख्खा फुटाणा तोंडात घालते, इकडून तिकडे फिरवते, आणि मग ओला फुटाणा काढून आईच्या हातावर ठेवते. चावून दे म्हणून.

हे सांगताना त्या हसल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमी निर्जळी म्हनलं असतं नं, तं थेंब नसता देल्ला." आणि पदरानं रेखाची हनुवटी पुसायला लागल्या.

निर्जळी. हा शब्द मला माहीत नव्हता का? माझी आई हरतालिकेला निर्जळी करत असे. पण दवाखान्यात पाऊल टाकलं की आमची भाषा बदलते. आम्ही एनबीएम म्हणतो, तोंडानं काही नाही. तेच केसपेपरवर लिहितो आणि तेच बोलतो. गावातल्या बाईला एनबीएम समजत नाही, उपाशी म्हटलं तर उपास समजतो, आणि बरोब्बर शब्द घरात देवापाशी पडलेला असतो.

आता मी निर्जळी म्हणते. फराळ नाही, दूध नाही, चहा नाही, प्रसाद नाही, असं एकेक नाव घेऊन सांगते. मग त्यांनाच परत सांगायला लावते, काय काय चालत नाही ते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशातली गत. बिसेन हसतात, पण हिंदी पेशंटला तेही आता "निर्जला" म्हणतात. तेव्हापासून या कारणानं आमची एकही केस परत गेलेली नाही. कुणी विचारलं तर एवढंच सांगेन, पेशंटच्या घरात जो शब्द चालतो तोच वापरा. बाकी शहाणपण आपल्याजवळ ठेवा.

इंदिराबाई मधूनमधून रेखाच्या उरलेल्या दाढा दाखवायला येतात. मागच्या खेपेला त्यांचे ओठ सुकलेले दिसले म्हणून मी पाणी मागवलं, तर त्यांनी ग्लास बाजूला सारला. गुरुवार होता. नामदेवरावांनी सांगितलं, ती आता दर गुरुवारी निर्जळी करते. त्या दिवशीचा उपास आपल्या हातून बिघडला, म्हणून पोरीचे दात गेले, असं तिच्या मनानं घेतलं आहे.

मी इंदिराबाईंना बसवून सगळं समजावलं. पोट काय, फुप्फुस काय, पू कसा चढतो, यात देवाचा काही संबंध नाही, तुमचाही दोष नाही. तुम्हाला शुगर आहे, निदान पाणी तरी प्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हौ जी, हौ जी म्हणत. मग उठल्या, रेखाचा हात धरला.

"आता नाही चुकनार मॅडम," म्हणाल्या.