पोरांत खाली बसणारे सर

आई-बाबा घाटंजीजवळ दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायचे. मजुरी किलोवर, म्हणून शाळा सुटली की मलाही वेचायला जावं लागे. तरी अधूनमधून मी चोरून समाजमंदिरात जायची. तिथे एक सर संध्याकाळी आम्हा पोरांना शिकवायचे. त्यांचं नाव कधी विचारलं नाही. कुणी बोलायला उभं राहिलं, की ते खडू खिशात टाकून पोरांत खाली बसायचे.

एकदा मी गुलाबी बोंडअळीची माहिती सांगत होते, तेवढ्यात बाबा दारात.

"वेचनं सोडून इथं काय करून राह्यली वं?"

"काका, बसा. पोरगी बोलून राह्यली," सर सरकून जागा देत म्हणाले.

बाबा बसले. ऐकता ऐकता त्यांनीच विचारलं, "फवारलं तरी अळी मरत काहून नाही?"

मी म्हणाले, "माहीत नाही बाबा. शोधून सांगीन."

"सर, हिले तं येतच नाही!"

"येत नाही म्हणायले लाजली नाही ना, काका? मी तेवढंच शिकवतो."

बाबा हसले. "उद्यापासून वेचायले येऊ नको. मले उत्तर पाहिजे."

माझा जीव भांड्यात पडला. अळी बोंडाच्या आत असते, फवारा पोचत नाही, हे मी त्यांना सांगितलं. पुढे कृषी महाविद्यालयात गेले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी आहे.