भिंतीपल्याडच्या ताई

लग्न होऊन मी पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरात आले, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. मालक इंजिनावर फायरमन. घरी कमीच असायचे. मी शेळ्यामेंढ्यांच्या घरची, स्टेशनाच्या वस्तीत बावरलेली. भिंतीपल्याडच्या ताईंनी मला सांभाळलं. त्यांचे यजमान गार्ड होते.

ताई कोकणातल्या. नऊवारी नेसायच्या, मंगळसूत्र घालायच्या. शनिवारी मात्र त्यांची चूल पेटत नसे.

"उपास हाय का?" मी विचारलं.

"उपास नाही गं बाय, विसावा. आम्ही बेने इस्राएल. ज्यू म्हणतात, ते आम्ही."

मला त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी मलिद्याचे पोहे पुढे केले. गूळ-खोबऱ्याचे ते पोहे मी बोटं चाटून खाल्ले.

एका गणपतीत रेल्वेच्या हॉलात विनोदी नाटक झालं. त्यात एक कंजूष यहुदी होता. पुठ्ठ्याचं लांब नाक, पाठीला कुबड, मेलेल्या बायकोच्या अंगावरचे दागिने चाचपणारा. हॉल हसून लोटपोट.

"यहुदी म्हणजे आम्हीच," ताई माझ्या कानाशी म्हणाल्या. पदर सावरून शेवटपर्यंत बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून गार्डसाहेब ड्यूटीवर निघाले, की पोरं नाक ओढत, वाकून त्यांच्यामागं चालायची. ताडकळसच्या बाजारात ओळखीची माळीण ताईंना हसत म्हणाली, "तुमी यहुदी म्हनं. मंग लयच घासाघीस करनार." तिच्या मनात काही नव्हतं. ताईंनी हातातली वांगी टोपल्यात परत ठेवली.

गार्डसाहेबांनी नाटक बसवणाऱ्या बाबूंना विचारलं, "आमच्यात असा माणूस तुम्ही पाहिलाय?"

"अहो, गंमत होती. तुमच्यावर थोडंच होतं?"

"पूर्णेत दुसरं ज्यूंचं घर कोणतं?"

बाबूंनी नाटकाची वही कपाटात टाकली. पण पुढल्या गणपतीत लोकांनीच मागणी केली, आणि तेच नाटक पुन्हा लागलं. मी गेले नाही. आम्ही दोघी ताईंच्या ओसरीवर नारळ खवत बसलो. हॉलातला हशा तिथवर ऐकू येत होता. ताई माहेरच्या खाडीबद्दल बोलत राहिल्या.

वर्षभरात त्यांनी मुंबईला बदली मागून घेतली. तिथून बोटीनं इस्राएलला जायचं ठरलं होतं.

"तिकडं मराठी कुनासंगं बोलनार, ताई?" फलाटावर मी विचारलं.

"घरात बोलू. तू रडू नकोस. दूध तापत ठेवून आलीस ना?"

पुढं घरात टीव्ही आला. एकदा एका विनोदी मालिकेत तसंच नाक लावलेला माणूस आला, आणि नातवंडं खिदळली. मी त्यांना ताईंबद्दल सांगितलं. धाकटीनं विचारलं, "त्या दिसायला कशा होत्या, आजी?"

मला त्यांचं नाक काही केल्या आठवेना. ओल्या खोबऱ्याचा वास असलेले हात तेवढे आठवले.