नेमाच्या काकूंनी सोडलेली गोळी

नव्वदच्या दशकात आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत त्यांना सगळे नेमाच्या काकू म्हणत. दर चातुर्मासात त्या आवडीची एक गोष्ट सोडायच्या, आणि सोडली की सोडली. एका वर्षी चहा सोडला. भाचीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी आग्रहाने कप पुढे केला, तर काकू शांतपणे म्हणाल्या, "राहू दे. माझं आणि देवाचं ठरलंय." व्याही बिचारे दिवसभर अवघडून वावरत होते.

नावडतं सोडणं त्यांना मान्यच नव्हतं. "कारलं सोडून पुण्य मिळालं असतं तर आमचे हे कधीच स्वर्गात गेले असते," म्हणायच्या. हे म्हणजे काका, तुर्भ्याच्या कारखान्यात फिटर. ते नुसते हसायचे.

अशा काकूंना झोपेची गोळी लागते, हे मला खरंच वाटेना. मुलगी सासरी गेली तेव्हा झोप उडाली, म्हणून डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी लिहून दिली होती. नात शाळेत जायला लागली तरी केमिस्ट त्याच मळक्या चिठ्ठीवर गोळ्या देत होता. एकीच्या दोन झाल्या. "औषधच आहे गं, टेन्शन नको घेऊ," काकू म्हणायच्या.

त्या आषाढी एकादशीला त्यांनी जाहीर केलं, "यंदा गोळी सोडली." सगळ्या बिल्डिंगने कौतुक केलं. आणि दोन-तीन दिवसांनी मेथी निवडता निवडता काकू माझ्यासमोर ताठ झाल्या, डोळे फिरले, अंग झटके देऊ लागलं. मी ओरडून शेजाऱ्यांना गोळा केलं. दारू सोडताना असं होतं, हे ऐकून होते. पण डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडताना?

"ही एकदम बंद केली तर जिवावर बेततं," हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. "परत सुरू करायची आणि हळूहळू कमी करायची." शुद्धीवर आलेल्या काकूंनी मात्र मान फिरवली. "देवाला दिलंय ते परत घेणार नाही." पुन्हा फिट येईल, डॉक्टर बजावत होते. काकू ऐकेनात.

तेव्हा काका पुढे झाले. बायकोला कधी उलट न बोललेला माणूस. गोळी तिच्या ओठांशी धरून म्हणाले, "घे. नेम मोडल्याचं पाप माझ्या नावावर."

काकूंनी तोंड उघडलं.

डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे काका ब्लेडने गोळीचे तुकडे करून देत राहिले, प्रत्येक वेळी जरा लहान. गोळी सुटायला वर्ष लागलं. पुढच्या चातुर्मासात काकूंनी काहीच सोडलं नाही. मी कारण विचारलं.

"देवाला नाही घाबरले गं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी ह्यांचा चेहरा बघितला, त्याला घाबरले."