मांडीवर फ्लास्क घेऊन ओलांडलेली खिंड

मला माझ्या नवऱ्याची किळस यायची.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून खरं बोलते. मला लिहिता येत न्हाई. मी सांगतीय, नात टाइप करतीय. मधीच तोंड वाकडं करती. करू दे.

काल पोरांनी तुमच्या ह्या फटफटीवाल्यांच्या ग्रुपवर ह्यांचा फटफटीवरचा फोटो टाकला. खाली कुणीतरी लिहिलंय, ‘ओरिजिनल रायडर’.

कसला रायडर. हे जनावरांच्या दवाखान्यात होते.

वळूचं बी पुण्याहून यष्टीनं कापूरहोळला यायचं, बर्फाच्या फ्लास्कात. ते घेऊन हे डोंगरातल्या वाड्या फिरायचे. गाय माजावर असली की ते बी सोडायला खांद्यापर्यंत हात तिच्या आत.

आणि संध्याकाळी माझ्यासमोर जेवायला.

“डावा हात होता गं,” म्हणायचे. “जेवतोय उजव्यानं.”

मी ताट उचलून चुलीमागं जायची. नवीन लग्न. भावाला निरोप धाडला होता, मला न्यायला ये.

त्यातच एका दुपारी फ्लास्कचा पट्टा तुटला. खिंडीपलीकडं गाय माजावर. दिवस मावळायच्या आत पोचलं न्हाई तर पुढं तीन आठवडे थांबा.

हे म्हणाले, “बस मागं. मांडीवर धर.”

“मी? त्याला हात लावू?”

“झाकण हाय त्याला.”

फटफटी मिल्ट्रीच्या लिलावातली. आंबवडं गाव मागं पडलं तसं डांबर संपलं. पुढं नुसते धोंडे. फटफटी धोंड्यावरनं उडायची, मी फटफटीवरनं. ओढ्यात हे उतरून ढकलत होते आणि मी फ्लास्क पदरात बांधून पाण्यातनं चाललेली.

पोटच्या पोरालाबी एवढं जपलं नसंल पुढं. तोंड मात्र सगळा रस्ता दुसरीकडं.

पोचलो. काम झालं. घरची बाई लई खूश, कालवड होऊ दे म्हणाली. ह्यांनी साबण लावून खांद्यापर्यंत दोन्ही हात धुतले आणि प्यायला पाणी मागितलं.

बाई तांब्या घेऊन आली.

तिनं काही सांगायच्या आत हे वाकले आणि ओंजळ धरली. तिनं हातभर वरनं धार सोडली.

आमी बौद्ध. आमचं तोंड तिच्या भांड्याला लागायचं न्हाई.

गाईच्या पोटात ह्यांचा हात चालला. तांब्याला चालंना.

मग ती माझ्याकडं वळली. “तुमी पण ओंजळ करा, बाई.”

म्या म्हणलं, तहान न्हाई. घसा सुकून लाकूड झाला होता.

परतताना खिंडीच्या माथ्यावर फटफटी थांबवायला लावली. ह्यांना विचारलं, तिनं सांगायच्या आधी वाकलात कशाला?

हे हसले. “रोजचंच हाय. गाय तरी काय विचारत न्हाई.”

त्या हसण्याची मला जेवढी किळस आली, तेवढी त्या हाताची कधी आली नव्हती.

चार दिवसांनी भाऊ आला न्यायला. त्याला मटण-भाकरी खाऊ घातली आणि एकट्यालाच परत धाडला. म्हणलं, मला हितं काम हाय.

काम एवढंच. रोज सकाळी फटफटीला पाण्याची भरलेली बाटली बांधायची. मी स्वतः. गाठ ओढून बघायची.

नोकरी संपंस्तवर ह्यांनी पुन्हा कुणाच्या दारात ओंजळ केली न्हाई.

तर लोकहो, रायडर म्हणू नका त्यांना. मला ओकारी येती.

जावा आता सावकाश.

जय भीम.