गुटीतली ओल

शेवाळ भिजत घातलं की त्याचा मातकट वास येतो आणि कड्याजवळच्या आमच्या डाळिंबाच्या बागेतली ती दुपार आठवते. पाऊस पडलाच नव्हता. विहीर कोरडी, प्यायचं पाणी तेवढं सहकारी कारखान्याच्या टँकरने यायचं. बागेतलं शेवटचं झाडही पानं गाळून उघडं पडलं होतं. मरण्याआधी त्याचं रोप धरावं म्हणून मी एका फांदीची साल गोल काढून, ओलं शेवाळ लावून, वर प्लास्टिक आवळून गुटी बांधली होती. पण सासूबाई कुऱ्हाड घेऊनच आल्या. "वाळलं गं ते. सरपण तरी हुईल." "आत्या, गुटीला मुळ्या फुटूस्तोर दम धरा," म्हणत मी फांदी धरून उभी राहिले. मीही हट्टाला पेटले होते. त्यांनी कुऱ्हाड उचलली. तेवढ्यात एक खार सरसर वर आली आणि प्लास्टिक कुरतडून आतलं शेवाळ चोखायला लागली. साऱ्या रानात ओल ती तेवढीच. मी दगड उचलला, तर आत्यांनी माझं मनगट पकडलं. "मारू नगं. तिला बी तहान हाय की." खार पोटभर प्याली आणि गेली. फाटलेल्या प्लास्टिकमधून पांढरी मुळी डोकावत होती. आत्या बघतच राहिल्या. मग त्यांनी कुऱ्हाड मारली ती बरोबर गुटीच्या खाली, आणि फांदी माझ्या हातात देत म्हणाल्या, "माझ्या वाटचं पाणी हिला घाल." आज आमची सगळी बाग त्या फांदीची आहे, आणि अजूनही गुटी बांधायच्या आधी मी झाडाखाली खारीसाठी पाणी भरून ठेवते.